पाटणादेवीच्या जंगलात वानरांचे फोटो कसे काढावेत

काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरं पाहायला खान्देशात दोन जागा उत्तम: चाळीसगावजवळचं पाटणादेवी आणि सातपुड्यातलं पाल. दोन्हीकडे अभयारण्य आहे, म्हणून वनखात्याच्या नाक्यावर नोंद करूनच आत जा. फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाची पानं झडलेली असतात, कळप लांबून दिसतो. पळस फुलला की त्याची फुलं खायलाही वानरं येतात.

उजाडताच पोहोचा. रात्री उंच झाडांवर झोपलेला कळप सकाळी अंग शेकत बसतो. तो दिसला की पाठलाग करू नका. पंचवीस-तीस मीटरवर सावलीत बसा आणि अर्धा तास कॅमेरा पिशवीतच राहू द्या. हे सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही हलत नाही हे कळलं की वानरं पुन्हा आपल्या उद्योगाला लागतात.

आता कळप ओळखा. बहुधा एकच मोठा नर, बाकी माद्या आणि पिल्लं. नवं पिल्लू गडद, जवळजवळ काळं असतं, त्यामुळे चटकन दिसतं. त्याच्या आईवर लक्ष ठेवा. थोड्याच वेळात दुसरी मादी पिल्लाला घ्यायला हात पुढे करते. एका कुशीतून दुसऱ्या कुशीत जाणारं पिल्लू हा माझ्या मते वानरांचा सगळ्यात सुंदर फोटो. नर तुमच्याकडे रोखून पाहत दात करकर वाजवू लागला, तर नजर खाली घ्या आणि सावकाश मागे सरका. कळपातून अचानक खोकल्यासारखा आवाज आला, तर आसपास बिबट्या असू शकतो. एकटं पुढे जाऊ नका.

७०-३०० मिमीची झूम लेन्स पुरते. बसलेल्या वानरासाठी शटरचा वेग १/५०० सेकंद, उडीसाठी १/१६०० किंवा त्याहून जलद. मागे उजळ आकाश असलं की काळा चेहरा नुसता डाग होतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, +१ करा. उन्हात मात्र रुपेरी केस पांढरे फटक पडतात, तिथे उलट कमी करा. फोकस नेहमी डोळ्यावर.

आणि केळं दाखवून जवळ बोलावू नका. मारुतीचं रूप म्हणून आपल्याकडे प्रेमाने खाऊ घालतात, पण वानराचं पोट पानं आंबवून पचवणारं असतं, असं गोड खाणं त्याला मानवत नाही. शिवाय खाण्याच्या आशेने कळप रस्त्यावर येतो आणि गाड्यांखाली सापडतो.