व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्स चालतोय का, मिनिटभरात बघा
टायमिंग (प्लगची ठिणगी पडायची वेळ) नीट लावूनही जुनी गाडी हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर मंद वाटते, पेट्रोल जास्त खाते, तर डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगीची वीज वाटणारा भाग) हलवायच्या आधी व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्सचा, म्हणजे इंजिनच्या ओढीने ठिणगी थोडी लवकर पाडणाऱ्या भागाचा, डायफ्राम (आतला पातळ पडदा) बघा, बऱ्याचदा तोच फाटलेला असतो.

इंजिन बंद ठेवून डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा, व्हॅक्युमची नळी कार्ब्युरेटरच्या बाजूने सोडवा आणि तोंडाने हवा ओढा, आतली पॉइंटची प्लेट थोडी फिरली पाहिजे. मग नळीचं तोंड जिभेने दाबून धरा. प्लेट तिथेच थांबली तर उत्तम, मागे सरकली तर कुठेतरी गळतंय. आधी नळीच बदलून बघा, चीर तिलाही असू शकते आणि ती स्वस्तात मिळते. प्लेट हललीच नाही तर ती जाम झालेली असू शकते.

नळीला पेट्रोलचा वास येत असेल तर तोंड अजिबात लावू नका, व्हॅक्युमचा हातपंप वापरा.