गॅलरीतलं व्याख्यान घरी ऐकता यावं म्हणून

गॅलरीत झालेल्या चर्चांचं रेकॉर्डिंग पुष्कळदा दहा मिनिटांपलीकडे ऐकवत नाही. त्याला मुख्य कारणं दोन. खोली घुमते, हे पहिलं. दुसरं म्हणजे वक्ता भिंतीकडे बोट करून ‘हे बघा, इथला हा पिवळा’ म्हणतो, आणि घरी ऐकणाऱ्याला ना भिंत दिसते ना पिवळा. पहिल्यावर यंत्रांचा उपाय आहे. दुसऱ्यावर वक्त्याशी आधी बोलून घेणं, एवढाच.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दालनात जाऊन एक टाळी वाजवा. तिचं शेपूट सेकंदभर रेंगाळलं तर वक्त्यापासून दूर ठेवलेला कुठलाही माईक निरुपयोगी आहे. पांढऱ्या भिंती, काच, गुळगुळीत फरशी, उंच छत या सगळ्यांवरून आवाज परततो. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर घुमट आहे. अशा घुमटाखाली बसायचं असेल तर वक्त्याची जागा अगदी मधोमध ठेवू नका, कारण घुमट आवाज मध्याकडेच गोळा करतो. सतरंज्या अंथरल्याने टाळीचा कर्कशपणा कमी होतो, खालच्या पट्टीतला घुमारा मात्र तसाच राहतो. रिकाम्या दालनातली चाचणी ऐकून घाबरून जाऊ नका. माणसं बसली की त्यांचे कपडे बराच आवाज शोषतात.

खरा उपाय माईक तोंडाजवळ आणण्याचा. माईकचं अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, घुमणारा आवाज मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून शेवटच्या रांगेत ठेवलेल्या मोबाइलमध्ये खोलीच जास्त ऐकू येते. कॉलर माईक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. कडक खादी, जरीचा काठ, मंगळसूत्र, लांब माळ यांच्यावर तो घासतो आणि ती खरखर नंतर काढता येत नाही. वक्त्याला दागिना बाजूला घ्यायची विनंती आधीच करावी. हातातला माईक चार बोटांच्या अंतरावर, आणि हलणाऱ्या हाताबरोबर तोही हलायला नको. ज्या वक्त्याला चित्राकडे वळून बोलायची सवय आहे, त्याला कॉलर माईकच द्या.

रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइलवर (आवाज न दाबता साठवणारा प्रकार) ठेवा. एका मोनो (एकाच वाहिनीच्या) ट्रॅकला तासाला सुमारे ५२० एमबी लागतात, त्या हिशेबाने कार्ड रिकामं करा. पातळी अशी लावा की सर्वांत मोठा शब्द उणे १२ डेसिबलच्या आसपास पोचेल (शून्याच्या वर आवाज फाटतो). हशा आणि टाळ्यांना वरची जागा लागते. रेकॉर्डरमध्ये कमी पातळीचा दुसरा ट्रॅक घ्यायची सोय असेल तर ती चालू करा. बॅटरी नवी घाला आणि हेडफोन कानावर ठेवून पूर्ण वेळ ऐका. लाल दिवा पेटला म्हणजे आवाज येतोय असं नाही, माईकची वायर निखळली तरी तो पेटलेलाच असतो.

ध्वनिव्यवस्थेच्या मिक्सरमधूनही (सगळे माईक जिथे जोडतात ते यंत्र) एक तार घ्या, पण फक्त तिच्यावर विसंबू नका. मिक्सरमध्ये माईकवर बोललेलंच येतं, प्रेक्षकातून ओरडून विचारलेला प्रश्न येत नाही. शेजारच्या खोलीत व्हिडिओ कलाकृती चालू असेल तर तिचा आवाज चर्चेभर झिरपत राहतो. कलाकाराला विचारून तेवढा वेळ ती बंद ठेवा. एसीची घरघरही रेकॉर्डिंगमध्ये उतरते, मात्र कागदावरची कामं किंवा जुने फोटो टांगलेले असतील तर संग्रह सांभाळणाऱ्यांना विचारल्याशिवाय एसी बंद करू नये.

आता बोलण्याकडे. वक्त्याला पाच मिनिटं बाजूला घेऊन सांगा की प्रत्येक कामाकडे वळताना कलाकार, वर्ष, माध्यम, आकार आणि समोर काय दिसतं हे दोन वाक्यांत म्हणायचं. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्यावर चर्चा असेल तर हे अगदीच अटळ: त्यांची कित्येक चित्रं शीर्षकाविना आहेत, त्यामुळे वर्ष आणि रंग उच्चारले नाहीत तर कोणत्या चित्राबद्दल चाललंय ते ऐकणाऱ्याला कधीच कळणार नाही. वक्ता विसरणार हे गृहीत धरा. सूत्रसंचालकाने मध्येच विचारावं, ‘डावीकडचं, निळ्या पट्ट्याचं ना?’ या एका वाक्याने अख्खं रेकॉर्डिंग वाचतं, आणि दालनात मागे बसलेल्यांनाही त्याचा उपयोग होतो.

प्रश्नोत्तरांना कार्यकर्ता माईक घेऊन फिरेल, पण तो प्रश्नकर्त्याच्या हातात देऊ नये. लोक तो पोटाशी धरून बोलतात. माईक पोचला नाही तर सूत्रसंचालकाने प्रश्न पुन्हा म्हणावा. रेकॉर्डिंग होतंय, हे सुरुवातीलाच जाहीर करा आणि ज्यांना नको त्यांचा प्रश्न वगळू असं सांगा. वक्त्याची लेखी परवानगी आधी घ्या: फाइल कुठे प्रसिद्ध होणार, किती काळ राहणार, संपादन कोण करणार. चर्चेत गाणं किंवा चित्रपटाचा तुकडा वाजवला असेल तर प्रसिद्धीच्या प्रतीतून तो काढून टाका. दालनात वाजवायला परवानगी असली तरी प्रसारणाची वेगळी लागते.

लोक येण्याआधी रिकाम्या दालनाची ३० सेकंदांची शांतता रेकॉर्ड करून ठेवा, संपादनात कापलेल्या जागा भरायला ती लागते. ८० हर्ट्झखालचा गडगडाट काढा, लांबलेलं स्वागत आणि आभारप्रदर्शन कापा. नॉइज रिडक्शन (मागची घरघर पुसणारी सोय) हलक्या हाताने वापरा; जास्त झालं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा लागतो. वक्त्याचं थांबणं, शब्द शोधणं तसंच राहू द्या, विचार तिथेच घडत असतो. मोनो फाइलची एकूण पातळी उणे १९ एलयूएफएस (कानाला जाणवणारा सरासरी मोठेपणा मोजायचं एकक) ठेवावी, स्टिरिओची उणे १६. बोलण्याला मोनो ६४ केबीपीएसची एमपीथ्री पुरते. तासाची फाइल २९ एमबीच्या आसपास होते आणि व्हॉट्सॲपवरही जाते.

फाइलच्या नावात तारीख, वक्ता, प्रदर्शन हे तिन्ही हवेत. सोबत उल्लेख आलेल्या कामांची यादी मिनिटांसकट द्या. मराठीतलं शब्दांकन शक्य असेल तर नक्की करा, निदान व्यक्तींची आणि तंत्रांची नावं देवनागरीत तपासून. मूळ वेव्ह फाइल दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, त्यातली एक गॅलरीच्या इमारतीबाहेर.