म्युझियमचं तिकीट, देणगी आणि टॅक्सची सूट : नेमकं काय करायचं

सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण दर जुलैमध्ये, रिटर्न भरायच्या दिवसांत, मला हाच प्रश्न येतो की म्युझियमच्या तिकिटावर टॅक्सची सूट मिळते का. प्रवेश फीच्या तिकिटावर ८०जीची, म्हणजे मंजुरी असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरात मिळणारी सूट मिळत नाही. शनिवारवाड्याचं तिकीट असो, कात्रजच्या प्राणीसंग्रहालयाचं असो की केळकर म्युझियमचं, तुम्ही पैसे दिलेत आणि त्या बदल्यात आत जायला मिळालं, म्हणजे ती फी झाली, देणगी नाही. संस्था कितीही चांगली असली आणि तिच्याकडे ८०जीची मंजुरी असली तरी तिकीट ते तिकीटच.

मग हा गोंधळ येतो कुठून, तर बऱ्याच वेळा इंग्लंडहून. आमचा दादा लंडनला असतो, आईबाबा तिकडे गेले तेव्हा एका जुन्या वाड्यासारख्या ठिकाणी तिकीट खिडकीवरच्या मुलीने बाबांना विचारलं, गिफ्ट एड करणार का? बाबांनी कौतुकाने हो म्हटलं, फॉर्मवर नाव घातलं आणि कोथरूडचा पत्ता लिहायला घेतला, तेवढ्यात दादाने पेन धरलं आणि म्हणाला, "बाबा, हे तुम्ही नाही भरायचं, मी भरतो." पुण्यात कितीतरी घरांतले आईवडील असे मुलांकडे जातात, म्हणून तिकडचं आधी लिहिते.

गिफ्ट एड तिकडे १९९० पासून आहे. तिथल्या करदात्याने धर्मादाय संस्थेला १ पाउंड दिला की संस्था सरकारकडून वर २५ पेन्स मागून घेते. नुसत्या तिकिटावर हे तिकडेही चालत नाही, पण दोन वाटा ठेवल्यात. एक म्हणजे नेहमीच्या दरापेक्षा निदान १०% जास्त द्यायचे, ते स्वखुशीने, मग पूर्ण रक्कम देणगी धरतात. दुसरी म्हणजे त्याच पैशात वर्षभर पुन्हा पुन्हा यायची मुभा. समजा तिकीट २० पाउंडांचं आहे आणि दादाने २२ दिले, तर संस्थेला सरकारकडून आणखी साडेपाच मिळतात, म्हणजे एकूण साडेसत्तावीस. दादा तिकडच्या ४०% टॅक्सच्या टप्प्यात असेल तर त्याला स्वतःलाही रिटर्नमध्ये साडेपाच पाउंड परत मागता येतात.

पण अट अशी की सही करणाऱ्याने त्या वर्षी तिकडे तेवढा टॅक्स भरलेला पाहिजे, नाहीतर कमी पडलेली रक्कम त्याच्याकडूनच वसूल होऊ शकते. आईबाबा टॅक्स पुण्यात भरतात, म्हणून त्यांनी सही करायची नाही. घरच्यांची तिकिटं मुलाने किंवा सुनेने स्वतःच्या पैशातून काढायची, फॉर्मवर त्यांचंच नाव आणि तिकडचाच पत्ता घालायचा. मुलगा तिकडे शिकत असेल आणि टॅक्स भरत नसेल तर सरळ नाही म्हणायचं, त्यात संकोच कसला.

आता आपल्याकडचं. दोन्हीकडे मोठा फरक हा आहे की तिकडे मुख्य फायदा संस्थेला जातो आणि आपल्याकडे सूट देणाऱ्याला मिळते, म्हणून कागद जपायची जबाबदारीही देणाऱ्यावरच येते.

पहिलं काम, तुम्ही आयकराच्या जुन्या रेजीममध्ये, म्हणजे जुन्या करपद्धतीत आहात का ते बघा. नव्या रेजीममध्ये ८०जी नाहीच, आणि २०२३-२४ पासून तुम्ही काही निवडलं नाही तर आपोआप नवी रेजीम लागते. नोकरदार माणसाला रिटर्न मुदतीत भरताना जुनी निवडता येते, धंदा किंवा प्रॅक्टिस असेल तर १०-आयईए फॉर्म आधी भरावा लागतो. आणि नुसत्या ८०जीसाठी जुनीत जाऊ नका, आधी दोन्हीकडचा टॅक्स काढून बघा, बऱ्याच जणांना नवीच स्वस्त पडते. तसं असेल तर देणगी जरूर द्या, फक्त सूट धरू नका.

दुसरं, तिकीट आणि देणगी वेगवेगळी करा. खिडकीवर तिकीट काढा, मग ऑफिसात जाऊन विचारा की तुमच्याकडे ८०जी आहे का आणि देणगीची पावती मिळेल का. दोन व्यवहार, दोन पावत्या. दारातल्या दानपेटीत टाकलेल्या पैशाची पावती नसते, म्हणून सूटही नाही. सभासद वर्गणी भरून वर्षभर फुकट प्रवेश मिळत असेल तर तीसुद्धा देणगी म्हणून दाखवू नका.

आणि २,००० रुपयांच्या वर रोख देऊ नका! इथे माझ्या आत्याचं नुकसान झालंय आणि मला त्याची अजून हळहळ वाटते. तिने एका संस्थेच्या ऑफिसात ५,००० रुपये रोख दिले, काकांच्या वर्षश्राद्धाच्या निमित्ताने, अगदी मनापासून. जुलैमध्ये ती पावती माझ्याकडे आणली, गुलाबी कागद, खाली कार्बन घालून लिहिलेली, ८०जीचा शिक्का अर्धाच उमटलेला, आत्याचा पॅन कुठेच नाही. २,००० च्या वर रोख दिले की त्यातले २,००० तरी धरतील असं लोकांना वाटतं, पण तसं नाही, ती पूर्ण रक्कमच बाद होते. तेच तिने यूपीआयने किंवा चेकने दिले असते तर ५०% च्या हिशोबाने उत्पन्नातून २,५०० ची वजावट, आणि ती २०% च्या स्लॅबमध्ये आहे, सेस धरून ५२० रुपये वाचले असते. ३०% वाल्याचे ७८० वाचतात. वस्तू दिली, म्हणजे जुनी भांडी, पुस्तकं, तर त्यावर ८०जी नाही.

तिसरं म्हणजे पावती हातात पडली की तिथेच उभं राहून वाचा. संस्थेचं नाव, पत्ता, संस्थेचा पॅन, ८०जी मंजुरीचा नंबर, तुमचं नाव, तुमचा पॅन, पैसे कसे दिले. मंजुरीला मुदत असते, म्हणून जुना शिक्का बघून गाफील राहू नका, आयकर खात्याच्या साइटवर यादीत नाव शोधा. पावतीवर भागत नाही, संस्थेने आयकर खात्याकडे १०बीडी, म्हणजे मिळालेल्या देणग्यांचा फॉर्म भरून तुम्हाला १०बीई हे देणगीचं सर्टिफिकेट द्यायचं असतं, वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत. ते आलं नाही तर जूनच्या पहिल्या आठवड्यात फोन करा, जुलैच्या शेवटी कोणी फोन उचलत नाही. रिटर्नमध्ये ८०जीच्या शेड्यूलमध्ये संस्थेचा पॅन, पत्ता, रक्कम आणि लागेल तिथे १०बीईवरचा नंबर जसाच्या तसा टाकायचा. कंपनीकडून मिळणाऱ्या फॉर्म १६ मध्ये नाही म्हणून सोडून देऊ नका, ८०जी बहुतेक वेळा रिटर्नमध्येच घ्यायची असते.

बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीवर ५०% वजावट मिळते आणि तीही तुमच्या उत्पन्नाच्या साधारण १०% मर्यादेत. पण ज्यांना शनिवारवाडा किंवा आगाखान पॅलेससारख्या वास्तूंसाठी काही करावंसं वाटतं त्यांनी राष्ट्रीय संस्कृती निधी बघा, केंद्र सरकारने १९९६ मध्ये काढलेला, त्यावर १००% वजावट आहे आणि १०% ची मर्यादाही नाही.

हेही लक्षात घ्या की आगाखान पॅलेस १९६९ साली दान मिळालाय आणि दिनकर केळकरांनी मुलाच्या आठवणीत जमवलेला अख्खा संग्रह, ते दिवे, अडकित्ते, वज्री, सगळं १९७५ मध्ये राज्य सरकारला देऊन टाकलं. आपण तिकीट काढून दोन तासांत बघून येतो ते सगळं कोणीतरी असंच दिलेलं असतं, म्हणून मला तिकिटाच्या वर थोडं देणारी माणसं फार आवडतात.

एक राहिलं, १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी नवा आयकर कायदा आलाय, त्यात कलमांचे नंबर बदललेत. मी इथे जुनेच नंबर लिहिलेत, ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या देणगीला तेच लागतात. पुढच्या देणग्यांची पावती घेताना त्यावर नवं कलम दिसलं तर दचकू नका.

आत्याने यंदा तिकिटं रोख काढली, मग ऑफिसात जाऊन यूपीआयने ३,००० दिले आणि पॅन कार्ड पर्समधून काढून समोर ठेवलं. पावतीवर एक अक्षर चुकलं होतं, तिने तिथेच दुसरी लिहून घेतली आणि फोटो काढून मला पाठवला.