कामाच्या जागी दिव्यांचा वीजखर्च कसा कमी करावा: आधी मोजणी, मग खरेदी

दिव्यांचं बिल उतरवायचं म्हटलं की बहुतेक जण थेट दुकान गाठतात. जुन्या ट्यूब काढून तितक्याच एलईडी लावल्या की काम संपलं, असा समज असतो. बिल उतरतंही, पण जिथे मुळात दिव्याची गरजच नव्हती, तिथेही आता नवाकोरा दिवा लागलेला असतो आणि तो पुढची कैक वर्षं तिथून हलत नाही. म्हणून खालच्या क्रमात खरेदी मुद्दाम चौथ्या पायरीवर ठेवली आहे.

पायरी १: दिवे मोजा, तास मोजा

खोलीवार तक्ता करा. दिवे किती, प्रत्येकाचे वॅट किती, रोज किती तास चालू आणि त्यातले किती तास तिथे खरोखर माणूस असतो, असे चार रकाने. शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. जिना, स्वच्छतागृह, गोदाम, बैठकीची खोली इथे तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यातलं अंतर पाहून बहुतेक मालक चमकतात.

वॅट लिहिताना ट्यूबवर छापलेल्या आकड्यावर थांबू नका. ३६ वॅटच्या जुन्या ट्यूबला तांब्याच्या तारेचा जड चोक असेल, तर तो वेगळी वीज खातो. दोन्ही मिळून साधारण ४५ वॅट धरा.

मग वॅट गुणिले संख्या गुणिले तास, भागिले १०००: आले युनिट. समजा १२० ट्यूब आहेत, रोज १० तास, वर्षाला ३०० दिवस. ४५ वॅटप्रमाणे वर्षाचे १६,२०० युनिट होतात. सगळ्या ट्यूब १८ वॅटच्या एलईडीने बदलल्या तर ६,४८०. पण आधी तपासणी करून चौथा हिस्सा ट्यूब कमी केल्या आणि रोजचे तास १० वरून ८ वर आणले, तर आकडा ३,८८८ वर येतो. हे युनिट तुमच्या वीजदराने गुणा.

पायरी २: उजेड मोजा

मोजण्याआधी दिव्यांवरची आणि झाकणांवरची धूळ पुसून घ्या. हे फुकटचं काम आहे आणि नेमकं तेच राहून जातं.

लक्स मीटर मिळवा; जागेवर पडणारा उजेड लक्समध्ये मोजतात. मोबाइलमधल्या अ‍ॅपवर ढोबळ अंदाज येतो, त्यावर खरेदी ठरवू नये. मीटर टेबलाच्या उंचीवर धरा. एकदा भरदुपारी आणि एकदा अंधार पडल्यावर. ईएन १२४६४-१ या युरोपीय मानकात वाचन-लेखन आणि संगणकाच्या कामाला ५०० लक्स, तांत्रिक रेखाचित्राला ७५०, तर नुसत्या ये-जा करण्याच्या वाटेला १०० लक्स सांगितले आहेत. तुमच्या वाटेत ३०० भरत असतील तर तिथल्या काही ट्यूब उतरवायला हरकत नाही. मात्र ते वायरमनकडून करून घ्या, कारण काही प्रकारच्या चोकमधून ट्यूब काढल्यावरही थोडी वीज जात राहते. आपत्कालीन मार्गाच्या दिव्यांना हात लावायचा नाही.

उलट टेबलावर उजेड कमी भरत असेल, तर अख्ख्या छताचे दिवे वाढवण्यापेक्षा त्या टेबलावर एक छोटा दिवा द्या. छत आणि भिंती पांढऱ्या असतील तर तेवढ्याच दिव्यांत जास्त भागतं.

पायरी ३: बटणं वेगळी करा

एका बटणावर अख्खा हॉल पेटत असेल, तर उशिरापर्यंत थांबलेल्या एका माणसासाठी चाळीस दिवे जळतात. खिडकीला समांतर असलेली दिव्यांची रांग वेगळ्या बटणावर घ्या. खिडकीचा वरचा काठ जमिनीपासून जितका उंच, त्याच्या दीडपट ते दुप्पट अंतरापर्यंत दिवसाचा उजेड साधारण कामाला येतो. बटणांवर कुठली रांग ते लिहून ठेवा.

पायरी ४: आता खरेदी

दिवा वॅटवर नाही, लुमेनवर (दिवा एकूण किती उजेड देतो त्याचं माप) घ्या: एका वॅटमागे किती लुमेन मिळतात ते पाहा. जुन्या ट्यूबइतकेच लुमेन एलईडीत शोधायची मात्र गरज नाही. जुनी ट्यूब चहूबाजूंनी उजेड फेकते आणि त्यातला बराच फिटिंगमध्येच अडतो. एलईडी तो एकाच बाजूला सोडते.

उजेड पिवळसर की निळसर, हे केल्विनमध्ये सांगतात; कार्यालयाला ४००० केल्विनच्या आसपासचा पांढरा उजेड बरा. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा निर्देशांक (सीआरआय) किमान ८० हवा; कापड किंवा छपाईचे रंग जुळवायचे असतील तर ९०. खोक्यावर ५०,००० तास लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ बहुधा तेवढ्या तासांनी उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येतो, असा असतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिव्याकडे पाहा. पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा लुकलुकतो आहे. फिरत्या यंत्राजवळ असा दिवा धोक्याचा, कारण फिरणारा भाग थांबल्यासारखा दिसू शकतो.

सगळी ऑर्डर देण्याआधी एकाच खोलीत काही दिवे लावून तिथे बसणाऱ्यांना आठवडाभराने विचारा. जुन्या फिटिंगमध्ये एलईडी ट्यूब बसवत असाल तर चोक काढून सरळ वायरिंग केलेलं चांगलं. चोक ठेवला तर तो वीज खातच राहतो. ट्यूबला वीज एका टोकाने द्यायची की दोन्ही, हे मॉडेलप्रमाणे बदलतं. त्यामुळे हे कामही वायरमनचंच, आणि बदललेल्या वायरिंगची चिठ्ठी फिटिंगवर चिकटवायला सांगा, म्हणजे उद्या कुणी तिथे जुनी ट्यूब लावणार नाही.

पायरी ५: सेन्सर, पण सगळीकडे नको

साधा सेन्सर माणसाच्या शरीराच्या उष्णतेची हालचाल टिपतो. त्याला आडोशापलीकडचं दिसत नाही. स्वच्छतागृहात आत बसलेला माणूस अंधारात सापडतो. तिथे ध्वनिलहरींवर चालणारा सेन्सर घ्या. केबिनमध्ये दिवा हाताने लागेल आणि आपोआप विझेल अशी सोय उत्तम. यंत्रांच्या जागी दिवा आपोआप विझता कामा नये.

सारखं चालू-बंद केल्याने जास्त वीज जाते, ही समजूत सोडून द्या. दिवा लागतानाचा झटका क्षणभराचा असतो. जुन्या ट्यूबचं आयुष्य मात्र त्याने घटतं. एलईडीला तो प्रश्न नाही.

पायरी ६: जुन्या ट्यूब

त्यांत पारा असतो, फोडू नका. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या. पाऱ्यावरच्या मिनामाता करारातल्या देशांनी २०२३ मध्ये अशा ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायचं ठरवलं आहे, तेव्हा जुन्यांचा साठा करण्यातही अर्थ नाही.

पायरी ७: पडताळा

एकूण बिलात एसी आणि यंत्रंही असतात, त्यामुळे दिव्यांच्या सर्किटला छोटा वेगळा मीटर लावा. दिव्यांची उष्णता घटल्याने एसीवरचा भारही थोडा हलका होतो. तो या मीटरवर दिसणार नाही, मुख्य बिलात दिसेल. दिव्यांच्या मीटरचा आकडा अपेक्षेइतका उतरला नाही तर काम संपल्यानंतर तासाभराने इमारतीतून एक चक्कर मारा आणि कुठला दिवा चालू आहे ते तक्त्यात लिहा.