गांबियाचा नकाशा कंपासने कसा काढावा

शाळेत भूगोल शिकवताना माझा एक हट्ट असतो: देश पाठ करू नका, काढा. बहुतेक देशांच्या बाबतीत हा हट्ट महागात पडतो. पश्चिम आफ्रिकेतला गांबिया मात्र अर्ध्या तासात काढून होतो, कारण त्याची सीमा निम्मीअधिक कंपासनेच आखलेली आहे.

ए-३ कागद आडवा घ्या. प्रमाण १ सेंटीमीटरला १० किलोमीटर. डावीकडे ८ सेंटीमीटर कोरे सोडा. मुलं विचारतात कशाला, मी सांगत नाही. तिथून उजवीकडे ३३ सेंटीमीटर, एवढी या देशाची पूर्व-पश्चिम लांबी. रुंदी कुठेही ५ सेंटीमीटरच्या वर जाऊ द्यायची नाही.

आधी नदी काढा, सीमा नंतर. हा क्रम चुकवू नका. मुखापासून जरा दक्षिणेकडे झुकून पूर्वेला, मध्यावर थोडी उत्तरेला चढवून मग वेटोळी घेत कागदाच्या उजव्या कडेपर्यंत. आता समुद्राकडच्या बाजूला वर आणि खाली सरळ रेषा मारा, आणि पुढे जिथे नदी वळणं घेते तिथे कंपास १ सेंटीमीटर उघडा. सुई नदीवर ठेवत, सरकवत दोन्हीकडे कमानी काढत चला. पहिल्यांदा मी सुई नदीच्या मधोमध ठेवली आणि देश बारीक झाला; १० किलोमीटर मोजायचे ते काठापासून.

इंग्रजांचं जहाज तोफा डागत नदीतून वर गेलं आणि गोळे पडले तिथे सीमा ठरली, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट झकास आहे, पण खरी रेघ १८८९ मध्ये पॅरिसला इंग्रज-फ्रेंच करारात ओढली गेली. फ्रेंचांना आजूबाजूचा सगळा सेनेगल मिळाला, इंग्रजांना नदी.

मुखाच्या दक्षिण काठावर राजधानी बांजूलचा ठिपका द्या. १८१६ मध्ये इंग्रजांनी गुलामांचा व्यापार अडवण्यासाठी वसवलेलं हे बाथर्स्ट. नाव १९७३ मध्ये बदललं. तिथून ३ सेंटीमीटर आत कुंटा किंते बेट. याच बेटावरच्या किल्ल्यातून त्याआधी गुलाम बाहेर पाठवले जात.

आता रंग. कोरड्या ऋतूत समुद्राचं खारं पाणी २०० किलोमीटरहून आत शिरतं, म्हणून पश्चिमेकडचे काठ खारफुटीच्या गडद हिरव्यात. त्याहून वर गोड्या पाण्यावर भात, आणि तो बराचसा बायका पिकवतात. काठापासून दूर, उंचवट्यावरच्या रेताड जमिनीला पिवळा रंग द्या: भुईमूग. जून ते ऑक्टोबरच्या पावसावर येणारं हे पीक वसाहतीच्या काळापासून देशाची मुख्य निर्यात. पण पिवळा रंग सीमेपाशी थांबवायला जाल तर फसाल. पलीकडे भाव बरा असला की शेंगा सेनेगलला जातात. उलट बांजूल बंदरात उतरलेला परदेशी माल इथून शेजारी देशांत जातो. नोटा मात्र वेगळ्या: इकडे १९७१ पासून दलासी, तिकडे सीएफए फ्रँक.

मध्यावर उत्तरेला फाराफेनी लिहा आणि नदी ओलांडणारी उभी रेघ मारा. सेनेगलच्या दक्षिणेकडच्या कासामांस प्रांताचा सेनेगलच्याच राजधानीशी थेट रस्ता इथून जातो. पूल २०१९ मध्ये झाला. तोवर ट्रक फेरीबोटीची वाट बघत उभे असत. २०१६ मध्ये गांबियाने ट्रकवरचा कर वाढवला, तेव्हा सेनेगलच्या ट्रकवाल्यांनी काही महिने ही वाटच बंद पाडली.

राजकारणासाठी समासात मी चारच ओळी लिहिते. १९६५: स्वातंत्र्य, नेते दावदा जवारा, मूळचे गुरांचे डॉक्टर. १९८१: ते लंडनला राजघराण्याच्या लग्नाला गेलेले असताना उठाव, तो सेनेगलच्या सैन्याने मोडला आणि पुढच्या वर्षी दोन्ही देशांचा महासंघ झाला, तो १९८९ पर्यंत कसाबसा टिकला. १९९४: याह्या जामेह या तरुण लष्करी अधिकाऱ्याने सत्ता घेतली. २०१६: निवडणूक.

इथे जरा थांबते, कारण मतदान गोट्यांनी होतं. प्रत्येक उमेदवाराचं रंगवलेलं पिंप, त्यावर फोटो. मतदार नळीतून एक गोटी सोडतो, आत घंटी वाजते. एकदा वाजली तर ठीक, दोनदा वाजली तर बाहेर बसलेल्यांना लबाडी कळते. तळाशी वाळू किंवा भुसा, म्हणजे खाली पडलेली गोटी आवाज करत नाही. सायकलची घंटी ऐकून घोटाळा नको म्हणून केंद्राजवळ सायकलींना बंदी. मोजणी भोकं पाडलेल्या फळ्यांत गोट्या बसवून.

त्या गोट्यांनी आदामा बॅरो निवडून आले. जामेह यांनी आधी हार मान्य केली, आठवडाभरात शब्द फिरवला.

आता तो डावीकडचा कोरा भाग. बांजूलपासून वर १३.५ सेंटीमीटर आणि डावीकडे ९.५ मोजून अगदी कोपऱ्यात ठिपका द्या. ही सेनेगलची राजधानी, डाकार. १९ जानेवारी २०१७ ला बॅरो यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ इथल्या गांबियाच्या दूतावासात घेतली, आणि दोन दिवसांनी जामेह देश सोडून गेले.