कुंपणावर डासांची फवारणी: नोझलचं तोंड वर

दुपारी मेंदीच्या कुंपणात खालून काठी हलवून बघा. डास उठले तर फवारणीला अर्थ आहे. नाही उठले, तर ते घरात पलंगाखाली आणि टांगलेल्या कपड्यांमागे बसलेत; डेंग्यूचा एडिस बहुतेक तिथेच असतो.

औषध पायरेथ्रॉइड गटातलं, लेबलवर डासांसाठी बाहेर मारायची परवानगी असलेलंच घ्या. तुरीवर मारून उरलेली बाटली नको. तणनाशकाचा पंपही नको, तळाशी राहिलेल्या अंशाने कुंपणच जळतं.

आधी 16 लिटरच्या पाठीवरच्या पंपात साधं पाणी भरून कुंपण भिजवा, म्हणजे किती लिटर लागतं ते कळेल. लेबल 0.05 टक्के द्रावण सांगत असेल आणि औषध 2.5 टक्क्यांचं असेल, तर 10 लिटरला 200 मिली. बोअरचं पाणी फडक्यातून गाळा, नाहीतर नोझल तुंबतो. उरलेलं द्रावण उद्यासाठी ठेवू नका.

डास पानाच्या पाठीला, सावलीत बसतो. वरून शिंपडलं की रस्त्याकडची पानं तेवढी भिजतात आणि डास जागचा हलत नाही. म्हणून नळी गुडघ्याखाली न्या, नोझलचं तोंड वर करा आणि खालून वर, आतल्या फांद्यांपर्यंत मारत चला. पान ओलं होऊन चकाकलं की पुढे सरका. टपकायला लागलं म्हणजे औषध मातीत चाललं. सोलापूरची धूळ पानांवर साचलेली असतेच. ती आदल्या दिवशी धुवून काढा, नाहीतर औषध धुळीला चिकटतं आणि धुळीबरोबरच उडून जातं.

वेळ दिवस मावळतानाची, वारा पडल्यावर. तोवर मधमाश्या पोळ्यात परतलेल्या असतात. तरी फुललेली घाणेरी, जास्वंद सोडा. तुळस, कढीपत्ता, शेवग्यालाही हात लावू नका. गप्पी मासे सोडलेला हौद झाका. हे औषध माशांना फार घातक. कंबर तलावाच्या काठाला तर मारूच नका. हातमोजे, चष्मा, मास्क घाला, चेहऱ्यावर उडालं तर तासन्‌तास चुणचुणतं.

औषध सुकण्याआधी वळवाची सर आली, तर सगळं वाया. एरवी असर काही आठवडे टिकतो, उन्हाळ्यात कमी.

मात्र नळाला रोज पाणी येत नाही म्हणून भरून ठेवलेल्या बॅरलमधल्या अळ्यांना याने काही होत नाही. अंड्याचा डास व्हायला साधारण 8 ते 10 दिवस पुरतात. एडिसची अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी राहिली तरी महिनोन्‌महिने जगतात. तेव्हा नुसतं पाणी ओतून भागत नाही. आठवड्यातून एकदा काथ्याने कडा घासा, पुसा, मगच भरा आणि फडकं घट्ट बांधा.