नकली माणसांची भयकथा लिहिताय? या चुका टाळा

गोव्यातल्या फोंड्यात आम्ही काही जण नवोदितांच्या कथा वाचून देतो. पावसाळा सुरू झाला की दिवाळी अंकांच्या आशेने परग्रहवासी उतरू लागतात. बाहेरचे जीव गावातल्या माणसांच्या जागी हुबेहूब नकली माणसे आणून ठेवतात, एकालाच ते कळते आणि त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. विषय मला आवडतो, म्हणूनच त्याच त्या चुका पाहून जीव विटतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिल्याच ओळीत माणूस बदलणे. ‘त्या सकाळी आजोबा आजोबा राहिले नव्हते.’ बरे, पण आधी ते होते कसे? वाचकाची त्यांच्याशी ओळखच झालेली नाही, मग ते गेल्याची भीती त्याला कशी वाटणार?

सत्तरी तालुक्यातला एक कॉलेजचा मुलगा अशीच कथा घेऊन आला होता. पहिल्या पानावर आकाशात निळा प्रकाश, दुसऱ्यावर आजोबांचे डोळे थंडगार. मी विचारले, “तुमच्याकडे चवथीला माटोळी कोण बांधतो?” म्हणाला, “आजो.” माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळांनी भरलेली चौकट. मग त्याला थांबवणे कठीण झाले. आजोबा केवणीच्या सालीचे दोर स्वतः वळतात. आंबाडे कुठे, चिबूड कुठे, तोरंजन कुठे, सुपारीचे घोस कोणत्या कोपऱ्यात, सगळे ठरलेले. मदतीला कोणी शिडीवर चढला की त्याच्या सात पिढ्या उद्धरतात. शेवटची गाठ मात्र नातवाला मारायला देतात. मी म्हटले, “हे कथेत कुठे आहे?” “ते काय लिहायचं सर, ते सगळ्यांच्या घरात असतं.”

मी कथा परत दिली. स्पर्धेची मुदत तोंडावर होती, त्यामुळे स्वारी कुरकुरत गेली. ‘एवढंच राहिलंय, चालेल ना?’ हा प्रश्न मला वर्षभर ऐकावा लागतो, आणि नाही, चालत नाही. नव्या खर्ड्यात आजोबा माटोळी अगदी पहिल्यासारखीच बांधतात, एक फळ इकडचे तिकडे नाही. पण कोणालाही शिवी देत नाहीत, आणि शेवटची गाठ स्वतःच मारून खाली उतरतात. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. निळा प्रकाश त्याने न सांगता काढून टाकला होता.

माझी सवय सांगतो. जो माणूस बदलणार, त्याच्यावर आधी दोन-तीन पाने लिहितो. त्यात कथानक नसते. पाव विकणाऱ्या पोदेराकडून किती उंडे घेतो, कोणाच्या दारावरून जाताना मान फिरवतो, कोणाचे पैसे बुडवलेत. यातले बरेचसे कथेत येत नाही, आणि येऊही नये.

दुसरी चूक चित्रपटांचे दहा मिनिटांचे सारांश पाहून लिहायला बसणाऱ्यांची. यांची नकली माणसे यंत्रासारखी बोलतात आणि रांगेत चालतात. जॅक फिनी यांची १९५५ ची ‘द बॉडी स्नॅचर्स’ ही कादंबरी वाचा. तिथे विल्मा नावाच्या बाईला आपले काका खोटे वाटतात, पण त्यांचा चेहरा, आवाज, लकबी, जुन्या आठवणी सगळे जागच्या जागी असते. हरवलेली असते ती आतली भावना. असा माणूस शांत असतो, समजूतदार असतो. गोव्यात तर हे दाखवायला किती सोपे! वाटणीवरून वीस वर्षे कोर्टात असलेले दोन भाऊ एका सकाळी केस मागे घेतात. गाव देवाला नारळ ठेवतो. घाबरतो तो एकटा त्यांचा वकील.

तिसरी चूक मला फार खुपते. नायक सांगतो, घरचे म्हणतात ‘याला बांबोळीला नेऊया’, म्हणजे मनोरुग्णालयात, आणि पुढच्याच परिच्छेदात नकली माणूस जिच्यात वाढतोय ती शेंग फुटून हात बाहेर येतो. अहो, वेडाची शंका ही या कथेची कमाई आहे, ती एवढ्यात उधळू नका. जोसेफ काप्ग्रा या फ्रेंच मानसोपचारतज्ज्ञाने एका सहकाऱ्यासह १९२३ मध्ये एका बाईची नोंद केली. आपल्या जवळच्या माणसांच्या जागी तोतये आलेत, अशी तिची खात्री होती. आज हा विकार त्याच्याच नावाने ओळखतात. एक उलगडा असा की रुग्णाला चेहरा ओळखू येतो, पण त्यासोबत उमटणारा आपलेपणा उमटत नाही, मग मेंदू त्याचा अर्थ तोतया असा लावतो. अशा काही रुग्णांना तोच माणूस फोनवर मात्र खरा वाटलेला आहे.

आता हे आपल्याकडे आणा. बोटीवर नोकरीला असलेला नवरा आठ महिने फोनवर खरा होता. दाबोळी विमानतळावर उतरून घरी आला आणि बायको म्हणते, हा तो नव्हे. शेजारी म्हणणार, बोटीवरून आला की माणूस थोडा बदलतोच. इथे शेंग फुटायची गरजच काय?

नकली ओळखण्याची चाचणी हवेतून आणू नका. जॉन कॅम्पबेल यांच्या १९३८ च्या ‘हू गोज देअर?’ या कथेत रक्ताला चटका देऊन पारख करतात, कारण माणसाचे रूप घेणाऱ्या त्या जीवाचा प्रत्येक थेंब स्वतंत्रपणे जगू पाहतो. चाचणी जीवाच्या घडणीतूनच आली. आणि तुमचा मिठाने विरघळणारा जीव मिरामारच्या समुद्रकिनारी उतरतो!

रेंज जाणे: कथेत एकदाच.

दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेतला शास्त्रज्ञ दोन पाने भाषण देतो: काढा.

पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळी पात्रे पुणेरी बोलतात. मग बदललेला कोण हे वाचकाने ओळखायचे कसे? निवेदन हवे तसे ठेवा, स्वयंपाकघरातले बोलणे तरी कोंकणीच्या वळणाने येऊ द्या.

साठ किलोचा माणूस एका रात्रीत उगवला, तर ते साठ किलो आले कुठून आणि मूळ देह गेला कुठे? फिनी निदान राखाडी धूळ तरी मागे ठेवतो.

आणि ‘मीही त्यांच्यातलाच होतो’ हे शेवटचे वाक्य. त्याच्या खुणा सुरुवातीपासून पेरल्या असतील तर ठेवा. नसतील तर ते खोडा आणि कथा पुन्हा वाचून बघा काही बिघडते का. बिघडलेले मी अजून पाहिलेले नाही.